गाऊज, धार आणि लेथ: वाचकांचे प्रश्न

यावेळची पत्रं वाचली तर जवळजवळ सगळे एकाच गोष्टीवर अडलेत, गाऊज, म्हणजे लेथवर (लाकूड गरगर फिरवणाऱ्या मशीनवर) ते फिरतं लाकूड कापायचं पन्हळीदार टूल. कुणाचा अडकतो, कुणाचा नुसता घासतो, कुणाची धार दर वेळी वेगळीच लागते. काही पत्रं फार लांब होती ती थोडी छाटलीत, मुद्दा तसाच ठेवलाय.

प्रश्न: दादा, मी लेथवर नवीन आहे. टूल्सचा सेट घेतला त्यात एक मोठा रुंद रफिंग गाऊज आला. लांबट चौकोनी तुकडे गोल करायला तो मस्त चालतो, म्हणून त्यानेच बाउल आतून कोरायला घेतला तर असा झटका बसला की टूल हातातून निसटलं आणि बाउल चकमधून (लेथच्या लाकूड पकडणाऱ्या जबड्यातून) बाहेर. माझी पकड कमी पडते का?

उत्तर: पकडीचं नंतर बघू, आधी तो गाऊज बाउलपासून लांब ठेवा. तो स्पिंडलचा रफिंग गाऊज आहे, म्हणजे ज्या कामात लाकडाचे रेषे लेथच्या लांबीला समांतर असतात त्यासाठीच. बहुतेक रफिंग गाऊज सपाट पट्टीपासून घडवलेले असतात आणि मुठीत जाणारा त्याचा शेपटासारखा भाग पात्याच्या मानाने फारच बारीक असतो. बाउलमध्ये रेषे आडवे असतात, त्यामुळे एका फेऱ्यात दोनदा रेष्यांची टोकं धारेसमोर येतात, त्यात टूल रेस्टच्या (ज्यावर टूल टेकवतात त्या आडव्या दांड्याच्या) बरंच पुढे गेलेलं असतं, सगळा जोर त्या बारीक शेपटावर येतो आणि तो वाकतो किंवा सरळ तुटतो. तुमचं टूल नुसतं निसटलं यावर निभावलं. बाउल गाऊज अख्ख्या गोल सळईत पन्हळ कोरून बनवतात, पन्हळ खोल असते आणि सळई जाड, म्हणून तो हा मार सहन करतो. स्पिंडल गाऊज तिसरा, त्याची पन्हळ उथळ, तो मणी, खाचा अशा नाजूक कामाचा.

आता झटका का बसतो ते. धारेच्या मागचा जो उतार असतो, ज्याला सगळे बेव्हल म्हणतात, तो लाकडावर टेकलेला असला की धार ताब्यात राहते. रंध्याचा तळ पात्याला किती आत जायचं ते ठरवून देतो ना, इथे ते काम बेव्हल करतो. बेव्हलचा टेकू नसलेल्या धारेच्या भागाला लाकूड लागलं की लाकूड ती धार खाली ओढतं, पातं आत घुसतं, मशीन थांबत नाही, मग काहीतरी उडतं. तुम्ही कितीही घट्ट धरा, मोटर तुमच्यापेक्षा ताकदवानच असते. उलट घट्ट धरल्यावर टूलची हालचाल हाताला कळेनाशी होते आणि खांदे दुखतात ते वेगळंच.

क्रम एकच ठेवा. टूल आधी रेस्टवर टेकवा, लाकडाला लागायच्या आधी. मग बेव्हलची मागची कड फिरत्या लाकडाला हलकी लावा, अजून काही कापलं जात नाहीये, नुसता घासल्याचा आवाज येतोय. मग मूठ हळूहळू उचला, एक क्षण असा येतो की बारीक छिलका सुटायला लागतो, तिथे थांबा आणि टूल पुढे सरकवा. उलटं केलं, म्हणजे धार आधी लावली आणि बेव्हल नंतर शोधत बसलो, की झटका ठरलेला.

बाउलच्या आतल्या बाजूला सगळ्यात त्रास काठाशी, कारण तिथे बेव्हलला टेकायला अजून काही नसतं आणि गाऊज काठावरून सटकून बाहेर पळतो. सुरुवात करताना पन्हळ बाउलच्या मध्याकडे तोंड करून पूर्ण आडवी ठेवा, म्हणजे मुठीकडून बघितलं तर तीनच्या काट्यासारखी, टोकानेच हळू आत जा, आणि काही मिलिमीटर आत जाऊन बेव्हलला टेकायला जागा झाली की मग पन्हळ थोडी वर उघडा. पन्हळ वर आभाळाकडे करून काठातून आत गेलात तर वरचा पंख, म्हणजे टोकाच्या बाजूची धार, लाकडाला लागतो आणि पुन्हा तोच खेळ. भीती वाटत असेल तर पार्टिंग टूलने (अरुंद खाच पाडायच्या टूलने) काठाच्या आत एक छोटी खाच पाडून घ्या आणि गाऊज त्या खाचेत टेकवून सुरू करा, यात कमीपणा काही नाही.

आणि फेस शील्ड लावा, नुसता चष्मा नाही. लांब बाह्या, अंगठ्या, हातमोजे यातलं काही लेथजवळ नको. मशीन चालू करताना लाकूड उडालं तर ज्या रेषेत येईल त्या रेषेतून बाजूला उभं राहायचं.

प्रश्न: मी ग्राइंडरवर हातानेच धार लावतो. दर वेळी बेव्हलवर दोन-तीन पैलू पडतात, टोक कधी अणकुचीदार कधी बोथट, आणि धार लावून आलो की टूल आधीपेक्षा वाईट चालतं असंही झालंय. बरोबर अँगल कोणता ते एकदाचं सांगून टाका.

उत्तर: अँगल सांगतो, पण तुमचा घोळ अँगलमध्ये नाहीये. बाउल गाऊजला ४० ते ६० अंश यातलं काहीही चालतं, स्पिंडल गाऊजला ३० ते ४०, रफिंग गाऊजला ४५ च्या आसपास. चांगले कारागीर एकाच कामासाठी यात पाच-दहा अंश इकडेतिकडे वापरतात आणि सगळ्यांचं काम नीट होतं. कुणाचंच काम नीट होत नाही ते दर वेळी वेगळा अँगल लागल्यावर, कारण मग हाताला सवयच लागत नाही, आज मूठ जिथे धरून कापलं जायचं तिथे उद्या कापलं जात नाही, आणि आपण आपल्या हाताला दोष देत बसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ५५ घ्या नाहीतर ४५ घ्या, पण तो तोच राहिला पाहिजे.

त्यासाठी जिग वापरा, म्हणजे ग्राइंडरवर टूल ठरलेल्या अँगलला धरून ठेवणारं साधन. हातानेच धार लावणं म्हणजे खरी कला वगैरे जे बोलतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ज्यांना जमतं त्यांना जमू दे. जिगमध्ये तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात: टूल जिगच्या तोंडातून किती बाहेर आहे, जिगचा दांडा किती अंशावर वळवलाय, आणि जिग ज्या खोबणीत टेकते ती व्हीलपासून किती लांब आहे. या तिन्ही तशाच राहिल्या तर धार तशीच येते. टूल बाहेर काढायचं माप, समजा ५० मिलिमीटर, ते पट्टीने मोजत बसू नका, ग्राइंडरच्या टेबलाच्या कडेला एक लाकडी ठोकळा ठोका, टूलचं टोक त्याला भिडवा, जिगचा स्क्रू आवळा, झालं. खोबणीच्या अंतरासाठीही तेच, एक लाकडी पट्टी कापून ठेवा आणि तिच्यावर कोणत्या टूलची ते लिहून टाका. लिहायचं विसरू नका बरं का, सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात.

व्हील सुरू करण्याआधी बेव्हलवर मार्करने रंग द्या, पूर्ण बेव्हल, टोकापासून दोन्ही पंखांपर्यंत. मग टूल जिगमध्ये लावून व्हील हाताने थोडं फिरवा. रंग फक्त धारेजवळ गेला तर अँगल जास्त बोथट होतोय, फक्त मागच्या कडेला गेला तर व्हील धारेपर्यंत पोचतच नाहीये, रंग बेव्हलच्या पूर्ण रुंदीवर पुसला गेला की मग मोटर चालू करा. या एका सवयीने निम्म्या तक्रारी संपतात, आणि पोलादही वाचतं, कारण नुसती धार ताजी करायची असेल तर दोन-तीन हलके हात पुरतात. टूल दाबायचं नाही, त्याचं स्वतःचं वजनच बहुतेक काम करतं.

टोक अणकुचीदार होण्याचं कारण हे की पंखांकडचं पोलाद पातळ आणि टोकाकडचं जाड, आपण सगळीकडे सारखाच वेळ दिला की पंख भराभर झिजतात आणि टोक कमी झिजल्यामुळे पुढे राहतं, चोचीसारखं दिसायला लागतं. टोकावर जरा जास्त रेंगाळा, पंखांवरून पटकन जा. टूल बाजूने डोळ्यासमोर धरून बघा, पंखाची कड सरळ किंवा किंचित फुगीर दिसली पाहिजे. टोकाच्या मागे खळगा पडला असेल तर तिथे टूल धरून ठेवलं गेलंय, आणि तो खळगा लाकडात नक्की त्रास देतो कारण धारेचा तेवढाच भाग लाकडाला लागत नाही आणि पुढचा भाग एकदम लागतो.

बाउलच्या तळाकडे वळण घट्ट असेल तर बेव्हलची मागची कड लाकडावर घासून चकचकीत ओरखडे पाडते. ती कड वेगळी थोडी घासून मोडून टाका, पुढचा बेव्हल अरुंद राहिला तरी टेकायला पुरतो. यालाच तुम्ही पैलू म्हणत असाल तर तो पैलू चांगला, बाकीचे वाईट.

प्रश्न: धार लावताना टोक निळं पडलं. टूल गेलं का?

उत्तर: पोलाद कोणतं त्यावर आहे. जुनं कार्बन स्टील असेल तर हो, तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सियसला येतो आणि तिथे कार्बन स्टील मऊ पडतं, निळा भाग पूर्ण घासून काढावा लागेल, आणि पुढे दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत काम करायचं. हायस्पीड स्टील असेल, आजकालचे बहुतेक गाऊज तेच असतात, तर काळजी नको, त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम असं मिसळलेलं असतं आणि ते ५०० अंशांच्या पुढे जाईपर्यंत कडकपणा सोडत नाही. तो निळेपणा नुसता दिसायला. मात्र हायस्पीड स्टील गरम झाल्यावर पाण्यात बुडवू नका, धारेला बारीक तडे जाऊ शकतात, तसंच हवेत गार होऊ द्या. कोणतं आहे ते टूलवर लिहिलेलं नसेल तर ठिणग्या बघा, कार्बन स्टीलच्या पिवळ्या-पांढऱ्या आणि फुलबाजीसारख्या फुटतात, हायस्पीडच्या मंद, लालसर केशरी आणि कमी.

प्रश्न: साधा राखाडी दगड, पांढरा दगड की सीबीएन व्हील? आणि ग्राइंडर स्लो स्पीडच हवा का? हिऱ्याचं व्हील सगळ्यात कडक, मग तेच का नको?

उत्तर: शेवटचं आधी, कारण प्रश्न चांगला आहे. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो. ग्राइंडरच्या वेगाला पोलादावर हिरा धरला की तोच झिजतो. हातात धरून घासायची हिऱ्याची पट्टी ठीक आहे, तिथे उष्णता नसते. सीबीएन म्हणजे क्यूबिक बोरॉन नायट्राइड, कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल, आणि त्याला पोलादाशी हे भांडण नाही. त्याचं व्हील धातूचं असतं आणि वर सीबीएनचा थर, त्यामुळे ते झिजून लहान होत नाही, म्हणजे जिगचं सेटिंग तेच राहतं. ड्रेस करावं, म्हणजे वरचा थर खरडून ताजा करावा लागत नाही, दगड फुटायची भीती नाही. रोजच्या धारेला १८० ग्रिट (आकडा मोठा तितके कण बारीक), आकार बदलायला ८०. महाग आहे, आणि मऊ लोखंड त्यावर घासलं तर भरून जातं, म्हणून घरातले विळे, स्क्रू ड्रायव्हर त्यावर न्यायचे नाहीत, कुणी मागितलं तरी.

पण त्याच्याशिवाय अडत नाही. पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा ८० ग्रिटचा दगड आणि तो ड्रेस करायला हिऱ्याचा ड्रेसर एवढ्यावर उत्तम धार लागते. ग्राइंडरबरोबर येणारा राखाडी दगड बहुतेक वेळा फार कडक असतो, त्याचे कण सुटत नाहीत, तो गुळगुळीत होतो आणि कापण्याऐवजी तापवतो. दगड चकाकायला लागला किंवा त्यात काळे डाग भरले की ड्रेस करा, धार लागत नाही म्हणून जास्त दाबू नका.

स्लो स्पीड, म्हणजे मिनिटाला साधारण १४०० ते १८०० फेरे, नवशिक्याला सोपं जातं कारण चूक सावकाश होते. फास्ट ग्राइंडर असेल, २८०० ते ३५०० वाला, तर हात हलका ठेवा, विकायची घाई करू नका. नवा दगड चढवण्याआधी मधल्या भोकात बोट घालून लटकवा आणि लाकडी मुठीने टिचकी मारा, खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, तो दगड चढवायचाच नाही. दगडावर लिहिलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना तेही बघा. चष्मा इथेही लागतोच.

प्रश्न: बाउल बाहेरून छान होतो पण समोरासमोर दोन जागी लाकूड उचकटल्यासारखं खडबडीत राहतं. ८० ग्रिटच्या सँडपेपरने घासघास घासलं तरी जात नाही, उलट तिथे खड्डा पडतो.

उत्तर: त्या दोन जागा म्हणजे रेष्यांची टोकं जिथे धारेच्या उलट दिशेने उभी राहतात त्या. प्रत्येक बाउलला असतात, काही लाकडांत जास्त दिसतात. तिथे रेषे कापले जाण्याऐवजी वाकून मुळातून उपटले जातात, आणि उपटलेला खड्डा पृष्ठभागाच्या खाली असतो म्हणून सँडपेपरने तो जायचा तर आजूबाजूचं सगळंच खाली आणावं लागतं. म्हणजे हे टूलनेच मिटवायचं.

दिशा बघा आधी. बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे, म्हणजे कापल्या जाणाऱ्या रेष्याच्या मागे दुसरे रेषे टेकू द्यायला असतात. स्पिंडलवर जाडीकडून बारीककडे. यात उलटं गेलात तर जगातली कुठलीही धार वाचवणार नाही. मग शेवटचा हात मारण्याआधी गाऊज पुन्हा ग्राइंडरवर न्या, अजून चालतोय असं वाटत असलं तरी, आणि शेवटचे दोन हात अगदी पातळ घ्या, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी, टूल सावकाश सरकवत. घाईत सरकवलं की प्रत्येक फेऱ्याला जास्त लाकूड एकदम निघतं आणि पुन्हा उपटतं.

तरीही राहिलं तर त्या जागी पाणी किंवा पातळ सँडिंग सीलर लावा, रेषे थोडे आधार धरतात, लगेच एक हलका हात. नाहीतर शिअर स्क्रेप करा: पंख लांब मागे नेलेला बाउल गाऊज असेल तर मूठ बरीच खाली घ्या, पन्हळ लाकडाकडे जवळजवळ बंद करा, आणि खालच्या पंखाची कड ४५ अंशात तिरकी ठेवून लाकडावरून नुसती फिरवा, बेव्हल इथे टेकत नाही. कापसासारखे बारीक छिलके निघाले तर बरोबर, भुसा निघाला तर धार गेलीय किंवा तिरकेपणा कमी आहे. बाउलच्या आतल्या बाजूला हे करायला जाऊ नका, तिथे पंख अडकतो, आत निगेटिव्ह रेक स्क्रेपर, म्हणजे वरच्या बाजूनेही उतार दिलेलं खरवडायचं टूल, बरं. त्याची बर, म्हणजे घासल्यावर धारेवर उठणारी बारीक कड, मात्र फार लवकर जाते, मिनिटभरही टिकत नाही कधीकधी, दर थोड्या वेळाने ताजी करावी लागते.

प्रश्न: किती वेळाने धार लावायची?

उत्तर: घड्याळावर नाही. टूल ढकलावं लागतंय असं वाटलं, लांब छिलक्यांऐवजी भुसा पडायला लागला, आवाज सूं वरून खरखर झाला, यातलं काहीही एक झालं की. कडक किंवा वाळूचे कण भरलेल्या सालीच्या लाकडात पाच-दहा मिनिटांतही जाते. दिव्याखाली धार वर करून बघा, धारेवर पांढरी रेघ चमकली तर ती बोथट जागा, तीक्ष्ण धार प्रकाश परत देत नाही. ग्राइंडर लेथपासून दोन पावलांवर ठेवा, लांब असला की आपण आळस करतो.

प्रश्न: सराव कसा करू? मी सरळ वस्तूच करायला घेते आणि प्रत्येक वेळी अर्ध्यात बिघडते. मण्याची उजवी बाजू छान येते, डावी बाजू कधीच येत नाही.

उत्तर: ताई, वस्तू करू नका काही दिवस. ४० ते ५० मिलिमीटर जाडीचा, हातभर लांबीचा सरळ रेष्यांचा तुकडा घ्या, छाटलेली ओली फांदीही चालेल, ओलं लाकूड मऊ कापतं आणि धूळ उडत नाही. दोन सेंटरमध्ये (लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या लेथच्या टोच्यांमध्ये) लावून गोल करा, पेन्सिलने सारख्या अंतराच्या रेघा मारा आणि त्यावर ओळीने मणी काढा. संपले की सगळे उडवून सपाट करा आणि पुन्हा काढा, तुकडा बोटाएवढा बारीक होईपर्यंत. फेकायचंच लाकूड आहे हे माहीत असलं की हात मोकळा राहतो.

मणी नेहमी माथ्यापासून खाली दरीत. स्पिंडल गाऊजची पन्हळ माथ्यावर वर, आणि खाली उतरता उतरता टूल त्या बाजूला लोळत जातं, दरीत पोचेपर्यंत पन्हळ पूर्ण आडवी. लोळवणं बहुतेकांना जमतं, विसरतं ते मूठ उचलणं. मणी खाली वळतो तसा लाकडाचा व्यास कमी होत जातो, म्हणून टोक त्याला चिकटून ठेवायचं तर मूठ वर आली पाहिजे आणि बाजूलाही झुलली पाहिजे, तिन्ही हालचाली एकत्र. डाव्या बाजूला नेमकं हेच अडतं. उजवीकडे जाताना मूठ तुमच्या अंगापासून मोकळी झुलते, डावीकडे उतरताना ती तुमच्याच पोटाला येऊन अडते, हात थांबतो आणि टोक हवेत राहतं. पाय हलवा. डावी बाजू कापायच्या आधीच शेवटच्या स्थितीत उभ्या राहा, म्हणजे मूठ दरीत पोचल्यावर जिथे असेल तिथे ती आरामात धरता येईल असं, आणि मग तिथून उलट वळून माथ्यावर या. थोडं अवघडल्यासारखं सुरू करायचं आणि आरामात संपवायचं. आधी लेथ बंद ठेवून, लाकूड हाताने फिरवत ही हालचाल करून बघा.

खोलगट खाचेत उलट, दोन्ही काठांवरून खाली मध्यात, पन्हळ सुरुवातीला आडवी आणि तळाशी वर. तळ ओलांडून समोरचा चढ चढायचा नाही. एक बाजू, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

प्रश्न: लेथचा वेग किती ठेवायचा? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: व्यास इंचात घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये आलं पाहिजे. १० इंची बाउलला ६०० ते ९००. दोन इंची स्पिंडलला हिशेबाने ३००० च्या वर येतं, पण तुम्ही नवीन असाल तर त्याच्या निम्म्यावर सुरू करायलाही काही हरकत नाही. हे सगळं लाकूड गोल आणि तोललेलं झाल्यावर. वेडावाकडा ओंडका लावला असेल तर मशीनचा सगळ्यात कमी वेग, लेथ थरथरला तर अजून वाढवायचं नाही, आणि तडा किंवा सैल साल दिसली तर तो तुकडा लावूच नका. रेस्ट हलवली की दर वेळी बटण दाबण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, कुठे टेकत नाहीये ना.